ट्रेबलचा स्क्रू

आमचे हे बेस गिटारी दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. तीस वर्षं त्या खोलीतला केर मीच काढतेय, त्यामुळे थोडंफार मलाही कळतं.

पूर्वीच्या बेसमध्ये फार भानगड नसायची. तारांखाली पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. ट्रेबलचं, म्हणजे बारीक, टोकदार सुरांचं बटण आवाजाची धार फक्त कमी करायचं, वाढवणं त्याच्या हातात नसायचं. ह्यांनी गुंडाळलेल्या पिकअपसाठी वादक लांबून यायचे. मग ॲक्टिव बेस आले. त्यांच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीॲम्प नावाचं सर्किट. आवाज केबलमध्ये शिरण्याआधीच ते त्याला जोर देतं, आणि ट्रेबल वाढवतंही. ह्यांच्याकडे येणाऱ्या बेसमध्ये किती वाढवायची, ते सर्किटवरच्या एका बारीक स्क्रूने ठरतं. हे तो स्क्रू कानाने लावायचे. मीटरबिटर काही नाही, आणि त्याचा अभिमान केवढा!

तीन महिन्यांत चार बेस परत आले. चौथा लंबूचा. हा वीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, दारातून वाकूनच आत येतो.

"काका, कान फाटतात हो. बटण मधोमध ठेवलं तरी."

ह्यांनी बॅटरी बदलली. मग अख्खं सर्किट बदललं, त्याचाही स्क्रू कानानेच लावला. मग आजकालच्या कारखान्यांचा उद्धार केला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हटलंसुद्धा. लंबू पुन्हा आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "शनिवारी रेकॉर्डिंग आहे. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर दुसरीकडे दाखवतो. राग मानू नका." बेस टेबलावर ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर ह्यांनी तोच बेस ॲम्प्लिफायरला लावलेला. आवाज असा, की दातांत कळ यावी. आणि हे शांतपणे मान कलती करून म्हणतात, "ट्रेबल अजून जरा हवी."

तेवढ्यात आत वॉशिंग मशीन पी-पी करायला लागलं. ह्यांनी मान वळवली नाही. रोजचंच होतं ते. मशीन वाजायचं, हे ढिम्म बसायचे, आणि मी म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी! आळशी म्हणून किती बोलले असेन. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

"अहो, मशीन वाजतंय."

"कुठे?"

मी चहा खाली ठेवला. "तुमचा तो जुना बेस लावा बघू. भिंतीवरचा."

"त्यात काय बघायचंय? सर्किटच नाही त्याला."

"म्हणूनच लावा."

त्यांनी ट्रेबल पूर्ण उघडली आणि तार छेडली. पुन्हा छेडली. "दबलाय गं. गोधडीखालून आल्यासारखा."

"नाही हो. लख्ख वाजतोय."

तो पिकअप त्यांच्याच हातचा. दोष द्यायला त्यात ना बॅटरी, ना सर्किट. त्यांनी तारांवर तळवा ठेवून आवाज थांबवला.

"किती दिवस झाले?"

"मशीनचं म्हणाल तर वर्ष होईल."

"आणि तू मला आळशी म्हणत होतीस."

"चुकलंच माझं," मी म्हटलं. चहा गार झाला, तरी दोघांनी तो तसाच प्यायला.

शुक्रवारी लंबू आला. मला वाटलं, हे आता बॅटरीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. माणूस मानी आहे. पण ह्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, बेसचं मागचं झाकण उघडलं आणि सरळ सांगितलं, "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत आता. तुझ्या बेसमध्ये काही खोट नव्हती. तू वाजव, स्क्रू मी फिरवतो. थांबायचं कुठे, ते तू सांग."

लंबू वाजवू लागला. ह्यांची नजर तारांवर नव्हती, त्याच्या तोंडावर होती.

"बस, काका! इथेच!"

ह्यांनी हात उचलला. त्यांना तो आवाज मेल्यासारखाच वाटला असणार. लंबू मात्र खुशीत वाजवतच राहिला. "वा! कसा वाटतोय, काका?" सवयीने विचारून बसला, आणि लगेच जीभ चावली.

ह्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "तूच सांग," म्हणाले, "कसा वाटतोय ते. सावकाश सांग."