रंग हिवाळ्यात भरू

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावात रंगाला बोटही न लावता रंगात आकंठ बुडालेला माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला आलेला हा गृहस्थ एकदा सहज म्हणून म्युझियममध्ये शिरला आणि पार बिघडून बाहेर आला. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन चित्रकार उन्हाळ्यात डोंगरदऱ्या पेन्सिलीने कागदावर उतरवायचे, कुठे कोणता रंग ते चित्रावरच लिहून ठेवायचे आणि हिवाळ्यात घरी बसून रंगवायचे, असं त्याला तिथे कळलं. ‘दाजी, काय प्रॅक्टिकल लोक होते यार,’ असं तो मला म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी त्या चित्रकारांसारखा काळा कोट चढवून स्वारी तळ्याकाठी समोरची टेकडी काढत बसू लागली. पेन्सिल चाकूनेच तासायची, कारण ‘त्यांच्याकडे शार्पनर होता का?’ चित्र बेताचंच यायचं, पण त्यावरचा मजकूर वाचण्यासारखा असे. झाडीवर ‘फोडणीचं वरण’, सावलीत ‘वांग्याची साल’, आभाळात ‘कालचं ताक’. एकदा मजकूर इतका वाढला की टेकडी दिसेनाशी झाली. आमच्याकडे जेवायला बसला की वाटीत बघत म्हणायचा, ‘ताई, ही आमटी मला गेल्या ऑक्टोबरमध्ये हवी होती.’ हिवाळा आला की मात्र तो बर्फ उपसायचा आणि रंगवण्याचं विचारलं तर म्हणायचा, ‘नेक्स्ट विंटर पक्कं.’

मग मंदी आली आणि कंपनीने त्याला सप्टेंबरातच पुण्याला परत पाठवलं. त्याचं सगळ्यात मोठं आणि खरोखर चांगलं चित्र काढून झालं होतं. फक्त पानगळीचे रंग लिहायचे राहिले होते आणि झाडं अजून हिरवीगार होती. विमानतळावर तो म्हणाला, ‘दाजी, तेवढे तुम्ही बघून सांगा. हे एक मी खरंच रंगवणार.’ मला साधे मोजेही एका रंगाचे घालता येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात तळ्याकाठी उभं राहून मी फोन लावला.

‘डावीकडचं मेपल?’

‘लाल.’

‘कसला लाल? दाजी, प्लीज.’

‘तुझ्या ताईचा गाजरहलवा. जरा जास्त आटलेला.’

‘आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब?’

‘तोच. दूध जास्त.’

पलीकडे तो मन लावून लिहीत होता. मग हळूच म्हणाला, ‘पानं पडायला लागली का हो?’

‘नाही रे, भरपूर आहेत. सावकाश लिही,’ मी म्हणालो. पानं भराभर गळत होती, आणि मला तो तिथे हवा होता.