ज्ञानेश्वरीचं फुलपाखरू

एलिझाबेथ बाईंची बत्तीस वर्षं कोपरगावकडच्या ऊसपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. ऊसतोडीच्या टोळीतली पोरं दिवाळीच्या सुमाराला येतात आणि कारखाना बंद झाला की जातात, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? तरी बाई दरवर्षी नव्याने जीव लावायच्या आणि दर मार्चात नव्याने डोळे पुसायच्या. घरी पोरंबाळं नव्हती; सगळी माया इथेच सांडायची. येत्या मे महिन्यात तर त्या निवृत्तच होणार होत्या.

पाथर्डीहून आलेल्या टोळीतली ज्ञानेश्वरी तिसरीत बसायची. तिनं बांधावरच्या रुईवरून पट्ट्यापट्ट्यांची अळी आणली आणि वर्गानं ती बरणीत पाळली. रोज ताजी पानं आणायचा मान तिचाच. अळीचा हिरवा कोष झाला आणि तिसऱ्याच दिवशी टोळी गावाकडे निघाली.

"बाई, मी नेऊ का?"

ट्रॅक्टरच्या हिसक्यांत कोष तुटेल म्हणून बाई नको म्हणाल्या. मग त्या नकाराची रुखरुख त्यांनाच लागून राहिली. बाहेर आलं की मोबाईलवर दाखवीन, असा शब्द मात्र त्यांनी दिला.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी फुलपाखरू बाहेर आलं. नारिंगी, काळ्या काठाचं. बाईंनी ज्ञानेश्वरीच्या वडिलांना, भागवतला, फोन लावला. बंद. मधल्या सुट्टीत लावला, तरी बंद. तोवर पंख वाळले आणि ते बरणीवरच्या जाळीला धडका द्यायला लागलं.

"बाई, सोडा ना आता," वर्गातला हर्षल काकुळतीला आला.

"तिनं बघितल्याशिवाय नाही!" बाईंचा आवाज कधी नव्हे इतका चढला.

शाळा सुटता सुटता भागवतचा फोन आला. रेंज नव्हती, चित्र काही दिसेना. नुसता पोरीचा आवाज.

"सोडलं का, बाई?"

"तुझ्यासाठी ठेवलंय गं. सकाळपासून."

"सकाळपासून?" ती कळवळली. "कशापायी कोंडून ठिवलं त्याला? मी पुढच्या साली येनार हाय की. तवा तुमी आन् मी दुसरं पाळू."

पुढच्या साली आपण इथे नसू, हे बाईंना सांगायचं होतं. पण "पाळू हं," त्या म्हणाल्या, आणि एका हाताने जाळी काढली.

फुलपाखरू बरणीच्या काठावर आलं, आणि बघता बघता खिडकीबाहेर उडालं. पोरं ओरडत अंगणात पळाली. वर्गात बाई एकट्या राहिल्या.

"गेलं का, बाई?"

बाईंनी रिकाम्या बरणीकडे पाहिलं.

"अजून बसलंय गं," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस."