हार घातलेली पेटी

सुकलेल्या झेंडूचा वास आला की मला मानपाड्याच्या एका कारखान्यातली टेलिफोन ऑपरेटरची केबिन आठवते. दसऱ्याला तिथे यंत्रांबरोबर फोनचे निरोप साठवणाऱ्या व्हॉइसमेलच्या पेटीलाही हार घालत आणि दिवाळीपर्यंत काढत नसत. ती जुनी पेटी काढून नवी बसवायला मी गेलेलो. गेटवरच वॉचमन म्हणाला, “साहेब, जपून उघडा. संध्याकाळी सगळे गेले की आतून माणूस बोलतो.” असलं काही ऐकलं की मला उकळ्या फुटतात. सहाचा भोंगा झाल्यावर बूट हातात घेऊन मी केबिनच्या दाराशी गेलो, आणि खरोखरच आतून पुरुषाचा आवाज आला, “अगं, आज ओव्हरटाइम आहे. तू जेवून घे.” आत ऑपरेटरबाई एकट्याच होत्या, स्पीकर लावून. “आमचे हे. इथेच कामाला होते,” त्या म्हणाल्या. “वर्ष होईल जाऊन. नव्या पेटीत येतील का हो?” जुने निरोप नव्या पेटीत जात नव्हते. मग मी ऑफिसातला टेपरेकॉर्डर स्पीकरपाशी धरला. निरोप संपला आणि बाई सवयीने म्हणाल्या, “नाही, थांबते मी. या तुम्ही.” तेही टेपवर गेलं. पुसून पुन्हा घेऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. जुनी पेटी हारासकट माझ्या घरी आली. आजही माळ्यावर आहे. वायर कुठेच जोडलेली नाही, तरी संध्याकाळी तिच्याखालून मी पाय न वाजवता जातो. बोलणं चालू असलं तर मोडायला नको.