फोनवर मी सांगितलं, पास झाली

मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात सहामाही परीक्षेचे बैठक क्रमांक वर्गवार लावत होते. ती म्हणाली, "आई, क्वालिफाय झाले." मी विचारलं, म्हणजे पास ना? ती जरा थांबली आणि म्हणाली, "हो, म्हणजे, लेखी."

तिचं ते थांबणं मला ऐकू आलं होतं, हे कबूल करते. पण ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं काढली की माणसाला पास आणि नापास असे दोनच रकाने दिसतात. मी मनातल्या मनात पासवर खूण केली आणि फोन लावायला घेतले.

पहिला फोन वाळूजला शिफ्टवर असलेल्या ह्यांना केला, तो त्यांनी उचलला नाही. दुसरा गावाकडे, धाकट्या दिरांना. आमचं गाव खुलताबादच्या पुढे. दीर तिथली शेती बघतात आणि गावच्या शाळेच्या समितीवर आहेत. मी म्हणाले, भाऊजी, पोरगी पास झाली. एअर फोर्स. ऑफिसर.

"म्हंजे इमान चालवणार?"

चालवेल की, मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तहसीलदारापेक्षा मोठं का लहान? मोठंच, मी सांगितलं. हे मला कुणी सांगितलं होतं ते आज आठवत नाही. बहुतेक कुणीच नाही.

संध्याकाळी मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आली, तेव्हा मी पॅड आणि पेन घेऊन बसले. आता पुढे काय काय करायचं ते क्रमानं सांग, म्हटलं. तिनं सांगितलं ते असं : लेखी झाली. आता पाच दिवसांची निवड. त्यात बसली तर मेडिकल. त्यात बसली तर सगळ्या देशाची गुणवत्ता यादी, आणि यादीत जागा असतील तेवढ्यांना बोलावणं.

"मग तू आत्ता पास झालीस ती कशात?"

"पाच दिवसांच्या निवडीला जायला."

आमच्या ऑफिसात यादीत नाव आलं की प्रवेश. नाव आल्यावर विद्यार्थी फक्त मूळ कागद आणि फोटो घेऊन येतो. इथं नाव आल्यानंतर खरी परीक्षा सुरू होणार होती, आणि त्या परीक्षेचा अभ्यासक्रम नव्हता. चित्र दाखवतात, गोष्ट लिहायला सांगतात, दोरीवर चढवतात, आठ-दहा जणांना एकत्र बोलायला बसवतात. मी विचारलं, बरोबर उत्तर कोणतं? ती म्हणाली, बरोबर उत्तर नसतं. पॅडवर मी तेवढ्यापुरती जागा सोडली, आणि ती पुढे रिकामीच राहिली.

मला जे जमतं ते मी केलं. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, मूळ आणि दोन-दोन साक्षांकित प्रती. पासपोर्ट फोटो वीस. पांढरे बूट, पांढरे टी-शर्ट, इस्त्रीचे दोन शर्ट, काळी पँट. मूळ कागद वरच्या कप्प्यात, प्रती खालच्या. पाच दिवसांचे कपडे पाच पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर वार. मुलगी हसली नाही, म्हणजे तिलाही भीती वाटत असणार.

ती निघाली डिसेंबरात. गांधीनगरला जायचं होतं, मध्ये मनमाडला गाडी बदलून. तिला सोडायला गेले, आमच्याच स्टेशनवर आम्ही दोघी बाकावर बसलो होतो तेव्हा तिच्या फोनवर चुलतबहिणीनं फोटो पाठवला. गावाच्या फाट्यावर दिरांनी फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवाल्यानं माझ्या मुलीचा बारावीच्या ओळखपत्रातला चेहरा निळ्या गणवेशातल्या कुणाच्या तरी अंगावर बसवला होता. मान जराशी वाकडी बसली होती. छातीवर पदकं, मागं चार विमानं, खाली 'हवाई दलात अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि समितीच्या सगळ्या सदस्यांचे फोटो.

मुलीनं फोन माझ्या हातात दिला. "आई, हे काढायला सांग."

मी लगेच दिरांना फोन लावला. ते खुशीत होते. म्हणाले, वहिनी, पाच दिसांनी व्हायचंच हाय, आपण पाच दिस आधी लावला. शिवाय ती परत येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, त्यात तिचा सत्कार ठेवला होता. शाल आणली होती, तालुक्याचे एक साहेब यायचे होते. गाडीची घोषणा झाली. मुलीकडे बघून मी हातानंच खूण केली, तू आल्यावर बघू. ती बॅग उचलून डब्यात चढली.

त्या वेळी मला फ्लेक्सचं फार वावगं वाटलं नव्हतं. गावात पोलीस भरतीची नुसती मैदानी चाचणी निघाली तरी गुलाल उडतो. मला वाटलं, हेही तसंच.

ती निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तिचा फोन आला. पाच दिवस फोन जमा करून घेतात असं तिनं सांगितलं होतं, त्यामुळे नंबर बघूनच मी काम टाकून ऑफिसाबाहेर आले. ती म्हणाली, "आई, मी परत येतेय."

"काय राहिलं? कोणता कागद? मी आत्ता स्कॅन करून पाठवते."

"काही राहिलं नाही. सगळं होतं."

तरी मला कळेना. मी म्हणाले, अगं पण पाच दिवस ना? तेव्हा तिनं सांगितलं की पहिल्या दिवशीच चाळणी असते. सकाळी दोन चाचण्या होतात आणि दुपारी नंबर वाचतात. ज्यांचे वाचले ते राहिले, बाकीच्यांनी छातीवरचा नंबर परत द्यायचा आणि बसमध्ये बसायचं. हे तिनं मला आधी सांगितलं होतं का? ती म्हणते, सांगितलं होतं. माझ्या पॅडवर नाही.

ती घरी आली. बॅगेतल्या पाचपैकी चार पिशव्या गाठ न सुटलेल्या. मी चहा केला आणि विचारायला लागले, कारण चूक कुठं झाली ते कळल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. तिनं सांगितलं, एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवलं. तिला रस्त्याच्या कडेला उभी बाई आणि दोन माणसं दिसली. तिनं गोष्ट लिहिली, रस्ता खचलाय, बाई वाहनं थांबवतेय. दुसऱ्या एकाला तीच बाई डॉक्टर दिसली, तिसऱ्याला तो रस्ता नसून नदी दिसली. मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

"तू किती वेळा बोललीस?"

"दोनदा. तिसऱ्यांदा बोलायला गेले तर एकाचं चालू होतं. त्याचं संपेस्तोवर वेळ संपला."

समोरच्याचं बोलणं तोडू नये, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलं होतं. तेच नडलं, की गोष्ट नडली, की पहिल्या चाचणीतली गणितं? तिलाही माहीत नव्हतं. तिथं कारण सांगत नाहीत. मी म्हणाले, बरं, लेखी तर आहेच ना पास, पुढच्या वेळी थेट मुलाखत. ती म्हणाली, नाही, लेखीही परत द्यायची. ती त्या एका खेपेपुरतीच असते.

पास झालेली परीक्षा अशी संपून कशी जाते, हे मला अजूनही समजत नाही. आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचा निकालसुद्धा रजिस्टरात पासचा पासच आहे.

सत्काराला चार दिवस होते. मी दिरांना फोन करून झालं ते सांगितलं. ते म्हणाले, साहेबांना बोलावून बसलो वहिनी, पोरींनी स्वागतगीत बसवलंय. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला काय सांगू नका. पोरगी हुशार हाय, पुढल्या टायमाला होईलच. आत्ता शाल घेऊन जाऊ द्या."

आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण मला त्यांचं म्हणणं सोयीचं वाटलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. स्टेजवर पाच मिनिटं उभं राहायचं, हार घ्यायचा, घरी यायचं. मी मुलीला तसं सुचवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू काकाला काय सांगितलं होतंस? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. पास झाली. एअर फोर्स. ऑफिसर.

"मग आता तूच सांग. मी स्टेजवर येणार नाही. पण तू बोलताना मी समोर बसेन."

ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, बरोबर बोलतेय ती. आणि शिफ्टला निघून गेले. मी दिरांना कळवलं, सत्कार नको, स्टेजवर मीच बोलणार.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. चालवत तीच होती. दौलताबादचा घाट चढताना मी मागं बसून पदरात कागद धरून मुद्दे पाठ करत होते. फाट्यावरून फ्लेक्स उतरवला होता. सुतळीची टोकं तेवढी खांबांना लोंबत होती. दीर शाळेच्या फाटकाशीच उभे होते. मुलीला त्यांनी जवळ घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, थोडक्यात आवरा."

साहेब आले नव्हते, त्यामुळे कार्यक्रम पत्रिकेतल्या क्रमानं झालाच नाही. आधी नाच झाले, मग बक्षिसं, आणि मग एकदम माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभी राहिले. समोर शाळेच्या पोरी जमिनीवर, मागं खुर्च्यांवर गाव. मुलगी पोरींच्या मागच्या रांगेत मांडी घालून बसली होती.

मी म्हणाले, माझ्या मुलीची निवड झालेली नाही. ती लेखी परीक्षा पास झाली, आणि नंतरच्या चाचणीत पहिल्या दिवशी परत आली. तुम्हाला चुकीचं कळलं ते माझ्यामुळं, मी फोनवर अर्धवट सांगितलं. पुढे मी टप्पे सांगायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. माझ्याच तोंडून ऐकताना मला ते खोटे वाटायला लागले, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे अगदी माझ्यासारखे होते, त्या पहिल्या संध्याकाळच्या.

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. आयुष्य मेंढरांमागं गेलेले, सगळ्यांचे मामा. त्यांची नात समोरच बसलेली होती. ते म्हणाले, "ताई, ते समदं व्हय, पण पोरगी पास का नापास, तेवढं सांग."

कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "मामा, मला पण नक्की कळलेलं नाही."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. मागच्या रांगेतून माझी मुलगी उभी राहिली आणि तिथूनच, माईकशिवाय म्हणाली, "मामा, लेखी पास. पुढच्यात नापास. दोन्ही मीच." आणि बसली. मामांनी मान हलवली, म्हणजे त्यांना ते पटलं. माझं सगळं भाषण एका बाजूला आणि हे एका बाजूला.

त्यानंतर सत्कार झाला नाही. शाल दिरांनी कपाटात ठेवली. जाऊबाईंनी नारळ मात्र फोडून सगळ्या पोरींना वाटला. जेवायला बसलो तेव्हा मुलगी आमच्यात नव्हती. शाळेच्या ओट्यावर सात-आठ पोरी तिच्याभोवती होत्या आणि ती त्यांना धूसर चित्राबद्दल सांगत होती. एक पोरगी म्हणत होती, रस्ता नव्हता ताई, ती बाई म्हशी हाकत होती. मुलगी खळखळून हसली. परत आल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. खुलताबादच्या अलीकडे ती पेट्रोल भरायला थांबली. चार दिवस एक प्रश्न माझ्या जिभेवर होता. पुन्हा बसणार का? विचारलं तर दबाव वाटेल, नाही विचारलं तर मला पर्वा नाही असं वाटेल. पुढच्या परीक्षेचे अर्ज सुरू आहेत हे मी वेबसाइटवर बघून ठेवलं होतं, शेवटची तारीखही टिपून ठेवली होती. शेवटी पंपावरच विचारलं.

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "भरला फॉर्म. परत येताना मनमाडला गाडीची वाट बघत होते तेव्हाच."

म्हणजे ती घरी आली, मी चहा केला, चुका शोधल्या, शाल घे म्हणून सुचवलं, आणि या सगळ्या वेळात फॉर्म भरून झालेला होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू फोन लावले असतेस."

तिनं स्कूटर सुरू केली. मी मागं बसले. घाट उतरेपर्यंत पर्समधला फोन मी बाहेर काढला नाही.