फाळक्याचा दोर

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नांदेडच्या वाटेवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. दुष्काळ असा, की ठाण्यातला माठसुद्धा टँकर आला तरच भरायचा.

एका दुपारी भाड्याची जीप आवारात शिरली. नवसाचा बोकड घेऊन कंदुरीच्या जेवणाला निघालेलं कुटुंब होतं. आजोबा उतरता उतरताच ओरडले, "साहेब, माझी नात चोरली हो! चहाला थांबलो, बघतो तर लेकरू न्हाई!" पोर पाच वर्षांची.

मी तक्रार लिहून घेत होतो, तेवढ्यात एसटीचा कंडक्टर धापा टाकत आला. एका टँकरच्या केबिनमध्ये रडणारी पोरगी त्याने पाहिली होती. झालं! दोन शिपाई घेऊन मी सुसाट निघालो. टँकर एका विहिरीवर भरताना सापडला. केबिनच्या सीटवर रक्त होतं आणि पोरगी नव्हती.

ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तो एकच सांगत राहिला, "सडकंवर पडली व्हती, साहेब. सरकारी दवाखान्यात ठिवून आलो." माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्या थोबाडीत दिली. दवाखान्याचा फोन लागत नव्हता, म्हणून हवालदाराला मोटारसायकलवर तिकडे पिटाळलं.

मग मनात आलं, हा खरं बोलत असेल तर? मी घरच्यांना विचारलं, "पोर बसली कुठं होती?"

आजी म्हणाली सुनेजवळ. सून, म्हणजे पोरीची आई, म्हणाली आत्याजवळ. आत्या चाचरत म्हणाली, "मागं फाळक्यापाशी. लई उकडायलं व्हतं, वाऱ्याला बसली."

मी धावत जीपमागे गेलो. मागच्या झडपेची, म्हणजे फाळक्याची, कडी तुटलेली.

"दोरानं बांधतो, साहेब," जीपवाला पुटपुटला.

"मग दोर कुठाय?"

त्याने आत बोट दाखवलं. दोर बोकडाच्या गळ्यात होता. सीटच्या दांडीला दोन पक्के वेढे. बोकड उडी मारेल म्हणून फाळक्याचा दोर सोडून तो बोकडाला बांधला होता, आणि तसं करायला सांगणारे आजोबाच होते. ते तिथेच मातीत बसले.

इतक्यात फाटकातूनच हवालदार ओरडला, "जिती हाय, साहेब! हात मोडलाय, पण बोलायलीय!" ठाण्याची शिस्त विसरून मी टाळ्या पिटल्या. सून रडत रडत हसत होती.

जीपवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. पुढे नोकरीभर रस्त्यावर जीप अडवली की आधी मागची कडी ओढून बघायचो आणि लेकरं आत मोठ्यांच्या मध्ये बसवायला लावायचो. लोक कुरकुरायचे. कुरकुरू देत.

पण त्या दिवशी मी शिकलो ते वेगळंच. चोर हवा म्हणून मी माणसामागे धावलो. आवारातल्या गाडीकडे पाहिलंच नाही. टँकरवाल्यापुढे हात जोडले. त्याचा गाल अजून लाल होता.

"ते ऱ्हाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "गाव घागरी मांडून बसलंय. जाऊ का मी?"