वर्गात सुटलेली चिंबोरी

समस्त खवय्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, शेजारून चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, कालवणाचा वास आला की माझे पाय आजही आपोआप खुर्चीवर जातात.

बोरिवलीच्या शाळेत मी नवी बाई होते, नोकरी अजून कायम नव्हती. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसलेले. "पुस्तकाबाहेर जाऊ नका हं," असं मोठ्या बाईंनी बजावलेलं. पण सांधेदार पायांचे प्राणी शिकवायला मी वर्गातल्या गोराईच्या मंदाला घरून चिंबोरी आणायला सांगितली होती. तिनं चांगली जिवंत आणली! नांग्यांना बांधलेली सुतळी सुटली आणि नांग्या उगारून चिंबोरी खडखडत थेट साहेबांच्या बुटांकडे निघाली.

आज मी हे रंगवून सांगते; तेव्हा मनात एकच होतं: नोकरी गेलीच! मी चिंबोरी धरायला हात पुढे केला, तसे साहेब किंचाळले, "अहो बाई, पुढून नको, मागून धरा! आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात शेंबडं पोरगंपण जाणतं हे!"