प्रायोजकांच्या रांगेत

प्राथमिक फेरीत ती एकांकिका पाहिली आणि मला काळजी लागली. एकांकिका वाईट होती म्हणून नाही, फारच चांगली होती म्हणून.

मी चिंचवडमधल्या एका छोट्या सांस्कृतिक संस्थेत जनसंपर्काचं काम करते. त्याआधी पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात होते, फ्लॅटच्या जाहिराती लिहायचे. नवऱ्याची नोकरी हिंजवडीला लागली, आम्ही मारुंजीत भाड्याने राहायला आलो आणि मला हे काम मिळालं. छोट्या संस्थेत जनसंपर्क म्हणजे वर्तमानपत्रांना बातमी पाठवण्यापासून पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा धरून ठेवण्यापर्यंत सगळंच. त्यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे प्रायोजक मिळवणं, आणि त्याहून अवघड म्हणजे मिळालेला टिकवणं.

आमची संस्था दरवर्षी कामगारांची एकांकिका स्पर्धा घेते. भोसरी, तळवडे, चाकण, कुरुळी, कुठून कुठून संघ येतात. शिफ्ट सांभाळून तालमी करतात. त्या वर्षी मोठ्या खटपटीनंतर चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी मुख्य प्रायोजक म्हणून मिळाली होती. रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर त्यांचं निळं बोधचिन्ह, अंतिम फेरीला त्यांचे प्लांट हेड प्रमुख पाहुणे, असं सगळं ठरलेलं. नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजना, बक्षिसं, सगळं त्यांच्याच भरवशावर होतं.

आणि कुरुळीच्या संघाची ती एकांकिका पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस मशीनवर होती. उत्पादन वाढवायचं म्हणून, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवतात आणि एका कामगाराची बोटं जातात. कुठल्याही कंपनीचं नाव नाही, घोषणा नाहीत. शेवटच्या प्रसंगात बायको त्याच्या शर्टची बटणं लावते आणि दोघं भाजी कुठली आणायची यावर बोलत राहतात. परीक्षकांनी तिला अंतिम फेरीसाठी निवडलं.

स्पर्धक खरोखर कामगार आहे ना, हे आम्ही ओळखपत्र पाहून ठरवतो. मुख्य भूमिका करणाऱ्या तरुणानं, लेखनही त्याचंच होतं, खिशातून ओळखपत्र काढलं. ठेकेदाराचं कार्ड होतं, पण कोपऱ्यात तेच निळं बोधचिन्ह.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आवाज खाली आणला. "ताई, स्टेजवरून माझ्या कंपनीचं नाव नका घेऊ. फायनलला आमचेच साहेब येणारेत म्हणे."

"तुम्ही प्रेस शॉपमध्येच?"

"व्हय. पण नाटक तिथलं नाही. माझ्या मोठ्या भावाचं आहे, दुसरीकडच्या कंपनीतलं. तो आता गावाकडं असतो."

"मग तसं सांगू या ना त्यांना."

"नको," तो पटकन म्हणाला. "भावाचं दुःख मी सफाई द्यायला वापरू का?"

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या सामाजिक उपक्रमांचं खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन आला. प्राथमिक फेरीतला एक तुकडा कुणीतरी मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपच्या गटागटांत फिरवला होता. समक्ष या म्हणाले. स्कूटरवरून चाकणला निघाले तर रस्त्यात नेहमीसारखी कोंडी. कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस यांच्यामध्ये अडकून मी काय बोलायचं याची उजळणी करत होते, आणि एकही वाक्य धड जमत नव्हतं.

हे अधिकारी मोठे मृदू माणूस. पन्नाशीचे, चष्मा, हळू बोलणं. प्रायोजकत्व त्यांच्यामुळेच मिळालं होतं. वरच्यांना त्यांनीच पटवलं होतं. त्यांनी मला कॉफी दिली, ती क्लिप दाखवली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"नाटक काढा असं मी म्हणणार नाही, मॅडम. कलेत आम्ही हात घालत नाही."

मला हायसं वाटलं. ते क्षणभरच.

"फक्त ही मुलं कुठं कामाला आहेत, तेवढं कळवा. वरून विचारणा झालीय. माहिती असलेली बरी, बाकी काही नाही."

"स्पर्धकांची माहिती आम्ही बाहेर देत नाही, सर."

"आम्ही बाहेरचे?" ते हसत म्हणाले. त्या हसण्यात धमकी नव्हती, पण मी कॉफीचा कप खाली ठेवला. "बघा विचार करून. अंतिम फेरीच्या आत कळवा. पाहुण्यांचं येणं मला नक्की करायचंय."

मी तिथून थेट आमच्या अध्यक्षांकडे गेले. ते मूळचे चिंचवड गावातले. शेती गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या, आणि हातात आलेल्या रिकाम्या वेळात त्यांनी ही संस्था काढली. मी त्यांना काका म्हणते. ते ओट्यावर बसून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"नाव दिलं तर पोराचं काय व्हईल?"

"ठेकेदाराचा कामगार आहे, काका. उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं."

"आन न्हाई दिलं तर?"

"पाहुणे येणार नाहीत. कदाचित प्रायोजकही राहणार नाहीत. पत्रिका छापून झाल्यात."

काकांनी कपाळ चोळलं. "मला झोप न्हाई लागायची आता," ते म्हणाले. "पर नाव द्यायचं न्हाई. नाट्यगृह हातचं गेलं तर शाळेच्या पटांगणात मांडव घालू. पोराला इचार मातुर. त्याला माघार घ्यायची आसंल तर घिऊ द्या, आपुन तोंड बंद ठिवू."

रविवारी दुपारी मी कुरुळीला गेले. एका इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध तालीम चालली होती. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याच्या बायकोची भूमिका करणारी बाई गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, बांधण्याच्या कारखान्यात होती, परभणीकडची. तिला बाजूला ठेवणं कुणाला जमलं नसतं. ती सरळ आमच्यात येऊन उभी राहिली.

"माघार कामून घ्यायची?" ती म्हणाली. "आम्ही कुणाचं नाव घ्यायलोत का?"

"तुझं काय जातंय?" तो एकदम चिडला. "कामावरून ब्रेक मला मिळणार. पोरगी आहे मला घरी."

ती मागे सरली. गच्चीवरची तालीम थांबली. तो कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हणाले, नाही केलंत तरी कुणी काही म्हणणार नाही, आम्ही आजारपणाचं कारण देऊ. त्यानं मान हलवली, पण होकार की नकार ते मला कळलं नाही. निघताना जिन्यात मागून त्याचा आवाज आला, "चला रे, दुसऱ्या प्रसंगापासून." तेच त्याचं उत्तर समजायचं होतं.

सोमवारी मी अधिकाऱ्यांना फोन केला. "सर, माहिती देता येणार नाही. एकांकिका ठरल्याप्रमाणे होईल. कंपनीला माघार घ्यायची असेल तर आम्ही पडदा बदलू, तक्रार करणार नाही."

मग ते म्हणाले, "साहेब येणार आहेत. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते म्हणाले, आता तर बघायचंच."

अंतिम फेरीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. प्लांट हेड वेळेवर आले. उंच, ताठ, उत्तरेकडचे गृहस्थ. मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत. त्यांच्याशेजारी अधिकारी आणि त्यांच्याशेजारी मी. प्रायोजकांच्या रांगेत बसून त्यांना काय हवं नको ते पाहणं हे माझं काम. त्या दिवशी मी रंगमंचाकडे कमी आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत होते.

कुरुळीचा संघ तिसरा होता. पडदा उघडला. मशीनचा आवाज नटच लाकडी फळीवर पाय आपटून काढत होते, एका लयीत, छातीत बसेल असा. तो प्रकाशात आला आणि माझ्याशेजारचे अधिकारी खुर्चीत पुढे सरकले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"रक्तदान शिबिरात मी याला प्रमाणपत्र दिलं होतं," ते पुटपुटले. माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

तेवढ्यात पलीकडून प्लांट हेड झुकले. "ये अपने यहाँ का लड़का है क्या?"

मला वाटलं, संपलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नहीं सर," अधिकारी म्हणाले. नजर रंगमंचावरून हलवली नाही. "भोसरी साइड का ग्रुप है."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं. ज्या माणसाची मला इतके दिवस धास्ती होती, त्यानं माझ्या कानाजवळ सहजपणे खोटं बोलून टाकलं होतं. शेवटचा प्रसंग झाला, टाळ्या पडल्या. मागच्या रांगांतले कामगार उभे राहिले. प्लांट हेडनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाताची घडी घालून बसून राहिले.

अभिनयाचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. ते प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते द्यायचं होतं. निवेदिकेला मी विंगेत गाठून बजावलं होतं, फक्त संघाचं नाव घ्यायचं, बाकी काही नाही. तो वर आला. नाटकातलं बँडेज अर्धवट सुटून मनगटावर लोंबत होतं. प्लांट हेडनी त्याचा तो हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि माइककडे वळून म्हणाले, "मैं तो डर गया था. उँगलियाँ सलामत हैं."

प्रेक्षकांत हशा पिकला. तो हसला नाही.

"काम कहाँ करते हो?"

साधा प्रश्न होता, कौतुकानं विचारलेला. पण माइक चालू होता आणि उत्तर सगळं नाट्यगृह ऐकणार होतं. मी विंगेत उभी होते. समोर पहिल्या रांगेत अधिकारी दिसत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. त्यानं ती पाहिली की नाही, मला आजही माहीत नाही.

"चाकणला, साहेब," तो म्हणाला. "तुमच्याच कंपनीत. प्रेस शॉप."

प्लांट हेडनी त्याचा हात सोडला नव्हता. त्यांनी आधी खाली पहिल्या रांगेकडे पाहिलं, अधिकाऱ्यांकडे, चांगलं रोखून. मग परत त्याच्याकडे. मग सन्मानचिन्ह त्याच्या हातात दिलं. "तो फिर ये हमारा ही इनाम हुआ," असं म्हणून ते फोटोसाठी वळले. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला, पण त्या टाळ्या त्यांच्या वाक्याला नव्हत्या, हे त्यांनाही कळलं असावं.

गाडीत बसताना ते माझ्याशी नीट बोलले, कार्यक्रम नेटका होता म्हणाले. अधिकाऱ्यांशी एक शब्द बोलले नाहीत. अधिकारी मागच्या गाडीत बसले. मी दरवाजापाशी गेले.

"मी वाचवलं, आणि त्यानं स्वतःच सांगून टाकलं," ते म्हणाले. राग नव्हता, थकवा होता. "बरोबर केलं त्यानं. मला विचारलं असतं तर मी तेव्हाही नकोच म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं. प्रेस शॉपमध्ये लोक त्याचा हात हातात घ्यायला आले, असं त्यानं फोनवर सांगितलं. तेव्हा आम्हाला वाटलं, निभावलं. पावसाळ्यानंतर ठेका बदलला आणि नव्या ठेकेदारानं बऱ्याच जणांना घेतलं नाही, त्यात तो होता. नाटकामुळे की नुसताच, हे कुणी सांगू शकत नाही. सुपरवायझरनं तोंड पाडून सांगितलं एवढंच त्याला आठवतं. आता तो तळेगावकडे एका गोदामात आहे. पगार कमी आहे. तालमीला दोन बस बदलून येतो.

अधिकाऱ्यांची बदली परराज्यातल्या प्लांटला झाली. बढतीवर, असं कंपनीच्या पत्रकात होतं. त्यांची बायको इथंच राहते, मुलाची बारावी आहे म्हणून. एकदा भाजी घेताना भेटल्या. मी ओळख दाखवली, त्यांनी नाही दाखवली. मला त्यांचा राग आला नाही.

कंपनीनं पुढच्या वर्षी प्रायोजकत्व दिलं नाही. नव्या अधिकारी बाईंनी कळवलं की यंदा त्यांचा भर वृक्षारोपणावर आहे. आम्ही खरोखर शाळेच्या पटांगणात मांडव घातला. प्रायोजक म्हणून एक हार्डवेअरचं दुकान, एक मंगल कार्यालय आणि काकांचे दोन चुलतभाऊ. दिवे कमी होते, माइक खरखरत होता, जवळून विमान गेलं की नटांना थांबावं लागायचं. संघ मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्त आले, आणि चक्क तीन एकांकिका कारखान्यांवर होत्या. काका पहिल्या रांगेत बसून त्या तिन्ही वेळा रडले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी एका नव्या कंपनीत गेले होते. तिथल्या तरुण मॅनेजरनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "तुमच्या स्पर्धेत विषय कसे असतात, मॅडम?"

पूर्वी मी म्हणाले असते, कौटुंबिक, सामाजिक, सगळ्यांना आवडतील असे. यावेळी म्हणाले, "कामगार लिहितात, सर. त्यांना जे लिहावंसं वाटतं ते. आम्ही आधी वाचून बदलत नाही आणि कोण कुठं कामाला आहे ते सांगत नाही. हे चालणार असेल तर पुढचं बोलू."

तो पेनाचं टोपण उघडझाप करत बसला. मग त्यानं बेल वाजवून चहा सांगितला आणि म्हणाला, "बसा. मला हे वरती विचारावं लागेल."

अजून फोन आलेला नाही.